जुन्या ट्रकमधील अनोळखी तारांची ओळख : एक पद्धतशीर विचार

टेल्कोने १९५४ मध्ये डेमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रकनिर्मिती सुरू केली. हे सहकार्य १९६९ मध्ये संपुष्टात आले. त्या काळातील ट्रकचे पुनरुज्जीवन करताना अनोळखी तारांचा गुंता हा मोठा अडथळा ठरतो. प्रस्तुत लेखात त्यांच्या ओळखीची पद्धत मांडली आहे.

केवळ रंगावर विसंबणे धोक्याचे असते. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. उष्णतेने व तेलाने तारांचे रंग पालटतात. शिवाय दुरुस्तीच्या वेळी हाताशी असेल ती तार जोडली जाते. त्यापेक्षा उपकरणावरील क्रमांक अधिक विश्वसनीय होत. जर्मन पद्धतीत ३० म्हणजे बॅटरीचा थेट पुरवठा, १५ म्हणजे चावी फिरवल्यावर मिळणारा पुरवठा, ३१ म्हणजे अर्थ आणि ५० म्हणजे स्टार्टरची तार.

प्रथम बॅटरी सोडवावी व प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी. नंतर मल्टिमीटरने तारेची दोन टोके जुळवून ती आराखड्यात नोंदवावी. पुरवठा देऊन पाहताना मध्ये कमी क्षमतेचा फ्यूज ठेवावा. अन्यथा वायरिंग पेटण्याचा संभव असतो. प्रयोजन न उमगलेली तार कापू नये, तिचे टोक झाकून ठेवावे. कारण तीही त्या वाहनाच्या इतिहासाचा पुरावा असते.