इंजिन बंद, तरी व्हॅनिटी व्हॅन थंड कशी? आणि त्यात धोका काय?

गोरेगाव-अंधेरीत शूटिंगच्या ठिकाणी व्हॅनिटी व्हॅन तासन्‌तास उन्हात उभी असते. इंजिन बंद, पण आत एसी सुरू. कसा?

बहुतेक वेळा जनरेटरवर. दीड टनाच्या एसीला साधारण दीड किलोवॅट वीज लागते. नुसत्या बॅटरीवर तो फार वेळ चालत नाही.

धोका जनरेटरच्या धुरात आहे. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. एसीसाठी दारं-खिडक्या बंद असतात, त्यामुळे आत शिरलेला वायू साचत जातो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातल्या वडकरा इथे उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघांचा जीव असाच गेला.

म्हणून गाडी सावलीत लावा, बाहेरून वीज मिळत असेल तर ती घ्या, आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा. आणि जनरेटर सुरू ठेवून आत झोपू नका.