समुद्राच्या पोटातील थंडावा

विहिरीतून पोहऱ्याने पाणी ओढले आहे का कधी? ओढले असेल, तर एक गोष्ट तुमच्या हाताने नक्की टिपली असेल. भरलेला पोहरा पाण्यात बुडालेला असतो तोवर दोर अगदी हलका लागतो. पोहरा पाण्याबाहेर आला, की मात्र हाताला एकदम ओढ बसते. खरे वजन उचलावे लागते ते तेथून पुढे. हा अनुभव लक्षात ठेवा. पॅसिफिक महासागरातील एका श्रीमंती हॉटेलाचे गुपित या पोहऱ्यात दडलेले आहे.

दक्षिण पॅसिफिकमध्ये ताहिती नावाचे बेट आहे. तेथून उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरवर तेतिआरोआ हे कंकणद्वीप लागते. कंकणद्वीप म्हणजे प्रवाळांनी रचलेले, बांगडीच्या आकाराचे बेट. मधोमध उथळ निळे पाणी, भोवती नारळीने भरलेल्या चिमुकल्या बेटांचे कडे आणि कड्यापलीकडे एकदम खोल जाणारा समुद्र. मार्लन ब्रँडो हा अमेरिकन नट एका चित्रपटाच्या चित्रणासाठी ताहितीला आला होता. हा चित्रपट १९६२ साली प्रदर्शित झाला. पुढे याच दशकात त्याने तेतिआरोआ विकत घेतले. तो २००४ साली वारला आणि २०१४ साली तेथे 'द ब्रँडो' हे अत्यंत महागडे हॉटेल सुरू झाले.

आता विचार करा. विषुववृत्ताजवळची दमट हवा. पाहुण्यांना तर खोलीत गारवा हवा. बेटावर विजेच्या तारा येत नाहीत. डिझेल जाळून वीज करायची, तर त्याचा प्रत्येक पिंप जहाजाने आणावा लागणार. आणि उष्ण प्रदेशातील अशा हॉटेलांत विजेचा मोठा वाटा वातानुकूलनच गिळते. मग काय करायचे?

उष्णतेला चढावर ढकलणारे यंत्र

पाणी जसे आपोआप उताराकडे वाहते, तशी उष्णताही आपोआप वाहते ती गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे. वातानुकूलन यंत्राला मात्र याच्या उलटे काम करायचे असते. खोलीत २५ अंश सेल्सिअस तापमान आहे, बाहेर ३२ आहे. तरी खोलीतली उष्णता बाहेर फेकायची! म्हणजे उष्णतेला चढावर ढकलायचे. हे काम यंत्रातील कॉम्प्रेसर करतो आणि त्यासाठी भरपूर वीज खातो. साधारणपणे १ एकक वीज खर्चून तो ३ ते ४ एकके उष्णता बाहेर टाकतो.

पण समजा, जवळच एखादी खूप थंड वस्तू असेल तर? मग ढकलण्याची गरजच उरणार नाही. उष्णता आपण होऊन उताराला लागेल. तेतिआरोआच्या जवळ अशी वस्तू आहे आणि ती अमाप आहे. ती म्हणजे खोल समुद्राचे पाणी.

ताहितीच्या समुद्रात पृष्ठभागाचे पाणी २६ ते २९ अंश असते. त्यात तुम्ही तासभर डुंबलात तरी थंडी वाजायची नाही. पण सुमारे ९०० मीटर खाली हेच तापमान ५ अंशांच्या आसपास असते. फ्रिजमधील पाणीही जवळपास एवढेच थंड असते.

एवढी थंडी आली कोठून?

खोलवर ऊन पोचत नाही म्हणून पाणी थंड, असे उत्तर तुम्ही द्याल. ते अर्धेच बरोबर आहे. सूर्यप्रकाश वरच्या शे-दोनशे मीटरांतच बहुतेक शोषला जातो, हे खरे. पण हजारो वर्षे वरचे पाणी ऊबदार राहिले असते, तर ती ऊब हळूहळू खाली झिरपून तळही कोमट झाला असता. तसे होत नाही, कारण खालून थंड पाण्याचा पुरवठा सतत चालू असतो.

हा पुरवठा ध्रुवांकडून येतो. ताहितीखालचे हे पाणी मुख्यतः अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रातले. तेथे ते पृष्ठभागावर असताना कडक थंडीने गारठते. गारठले की त्याची घनता वाढते, ते बुडते आणि ऊबदार थराखालून अतिशय सावकाश उत्तरेकडे सरकू लागते. ताहितीपर्यंत पोचायला त्याला कित्येक दशके लागतात. म्हणजे हॉटेलातील पाहुण्याच्या खोलीत आज जो गारवा आहे, तो त्याच्या आजोबांच्या काळातील अंटार्क्टिकाच्या थंडीचा असू शकेल!

येथे एक शंका चाणाक्ष विद्यार्थी काढील. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते ना? मग त्याहून थंड पाणी वर यायला नको का? ४ अंशांचा नियम गोड्या पाण्याचा आहे. समुद्राच्या खाऱ्या पाण्याची घनता गोठेपर्यंत वाढतच जाते. म्हणून समुद्रात जितके थंड तितके खाली.

९०० मीटर उपसा? मुळीच नाही!

आता खरा प्रश्न. हे पाणी वर आणायचे कसे? ९०० मीटर म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर. त्याला किती शक्ती लागेल? चला, गणितच करू.

समुद्राच्या १ किलोग्रॅम पाण्याचे तापमान १ अंशाने वाढायला सुमारे ४ किलोज्यूल उष्णता लागते. ५ अंशांचे पाणी १२ अंशांपर्यंत तापू दिले, तर ते ७ × ४ = २८ किलोज्यूल उष्णता शोषून घेईल. एवढीच उष्णता कॉम्प्रेसरने काढायची म्हटली, तर ७ ते ९ किलोज्यूल वीज खर्च होईल.

आणि १ किलोग्रॅम पाणी ९०० मीटर उचलायला? वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची, म्हणजे १ × ९.८ × ९०० = ८,८२० ज्यूल. जवळजवळ ९ किलोज्यूल! म्हणजे कॉम्प्रेसरची वीज वाचली, पण तेवढीच पंपाने खाल्ली. हाती काय आले? शून्य!

पण थांबा. तो पोहरा आठवा. पोहऱ्यातील पाण्याचे वजन पाण्याच्या आत जाणवत नव्हते, कारण भोवतीच्या पाण्याने ते तोलून धरले होते. नळीचेही तसेच आहे. दोन्ही टोकांनी उघडी लांब नळी समुद्रात उभी सोडली, तर पाणी तिच्यात आपोआप चढते आणि जवळपास बाहेरच्या पातळीपर्यंत येऊन उभे राहते. त्याला कोणी उपसावे लागत नाही. बाहेरच्या समुद्राचा दाबच त्याला वर ढकलतो.

'जवळपास' असे मी का म्हटले? नळीत पाणी खेचू लागल्यावर ती तळच्या थंड, म्हणजे थोड्या जड पाण्याने भरते. त्यामुळे आतील पातळी बाहेरच्यापेक्षा साधारण मीटरभर खाली राहते. शिवाय लांब नळीतून वाहताना घर्षण होते. या दोन्ही अडचणी मिळून पंपाला जणू १५ मीटर उपसा करावा लागतो, असे धरू. मग खर्च १ × ९.८ × १५ = १४७ ज्यूल. पंप काही शंभर टक्के कार्यक्षम नसतो, म्हणून २०० ज्यूल धरा. कोठे ९ किलोज्यूल आणि कोठे ०.२ किलोज्यूल! ही सारी करामत त्या पोहऱ्याच्या नियमाची.

असा पंप समुद्राच्या पातळीखाली खणलेल्या विहिरीत बसवतात. नळी पॉलिएथिलीनची असते. ती गंजत नाही, लवते आणि पाण्यावर तरंगते. म्हणून तिचे तुकडे जोडून ती तरंगत नेता येते आणि मग वजने बांधून सावकाश बुडवता येते.

दोन पाण्यांची भेट, पण मिसळ नाही

वर आलेले खारे पाणी खोल्यांपर्यंत नेत नाहीत. ते एका उष्णता-विनिमयकात जाते. हे नाव ऐकून घाबरू नका. पातळ पत्र्यांची ही एक चवड असते. एका फटीतून समुद्राचे थंड पाणी, शेजारच्या फटीतून हॉटेलातून आलेले गोडे पाणी. दोघे मिसळत नाहीत. पत्र्यातून फक्त उष्णता पलीकडे जाते. खारे पाणी लोखंड खाऊन टाकते, म्हणून हे पत्रे टायटॅनियम धातूचे करतात. गार झालेले गोडे पाणी खोल्याखोल्यांतून फिरते. तेथे पंखा त्याच्या नळ्यांवरून हवा फुंकतो आणि खोली थंड होते.

असे वातानुकूलन करणारे पहिले समुद्रकाठचे हॉटेल याच द्वीपसमूहातील बोराबोरा बेटावर २००६ साली सुरू झाले. त्याची नळी दोन किलोमीटरहून लांब असून सुमारे ९०० मीटर खोल जाते. नेहमीच्या पद्धतीपेक्षा वातानुकूलनाची सुमारे ९० टक्के वीज वाचते, असे हे हॉटेलवाले सांगतात. 'द ब्रँडो'ने हीच पद्धत घेतली. त्याशिवाय त्याने धावपट्टीच्या कडेने सौर पट्ट्या मांडल्या आणि खोबरेल तेलावर चालू शकतील अशी जनित्रेही बसवली.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. खोल समुद्राच्या पाण्यात नायट्रेट व फॉस्फेट ही क्षारद्रव्ये भरपूर असतात. वनस्पतींना ती खतासारखी लागू पडतात. वापरलेले पाणी प्रवाळांजवळच्या उथळ पाण्यात सोडले, तर शेवाळ माजून प्रवाळांचा जीव गुदमरेल. म्हणून ते किनाऱ्यापासून दूर, पुरेशा खोलीवर सोडायला हवे. थंडावा उसना घ्यावा, पण परत करताना शेजाऱ्याच्या दारात सांडू नये.

हिशेबाची दुसरी बाजू

आता तुमच्यापैकी कोणीतरी विचारील, 'गुरुजी, या हॉटेलात जायला विमान लागतेच ना?' प्रश्न अगदी रास्त आहे. पॅरिसहून ताहितीचे अंतर १५ हजार किलोमीटरहून जास्त आहे. जाऊन-येऊन एका प्रवाशामागे काही टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. खोलीतील गारव्याची बचत तो भरून काढू शकत नाही. कंकणद्वीपे समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच असतात. पृथ्वी तापून समुद्र चढला, तर सर्वांत आधी बुडतील ती हीच. ज्या बेटाचे सौंदर्य पाहायला पाहुणे येतात, त्याच्याच मुळावर त्यांचा प्रवास येतो. जमाखर्च मांडताना ही बाजू लपवून चालणार नाही.

मग हा सारा खटाटोप व्यर्थ का? तसेही नाही. खोल समुद्रातील नळीला सुरुवातीचा खर्च फार येतो आणि नव्या तंत्रावर पैसा लावायला कोणी धजत नाही. तो धोका हॉटेलांनी पत्करला. नळी वर्षानुवर्षे टिकते, गणित जुळते, हे दिसून आले. २०२२ साली ताहितीवरील ताओने येथील मोठ्या रुग्णालयात हीच पद्धत सुरू झाली. तिची नळी साडेतीन किलोमीटरहून लांब आहे. जो गारवा आधी धनिकांच्या महालांत होता, तो आता रुग्णांच्या खाटांपाशी पोचला.

आपल्याकडे हे जमेल का?

मुंबई किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर अशी नळी टाकता येईल का? यासाठी पहिली अट अशी, की खोल समुद्र किनाऱ्यालगत हवा. आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर मात्र समुद्राचा तळ फार दूरवर उथळ आहे. मुंबई हाय येथे १९७४ साली तेल सापडले. ते ठिकाण किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर दूर आहे. तरी तेथे पाण्याची खोली ७५ मीटरच्या आसपासच! मग ९०० मीटर खोलीसाठी नळी किती लांब लागेल आणि वाटेत पाणी किती तापेल, याचा अंदाज तुम्हीच करा. निसर्गाचा नियम सर्वत्र एक असला, तरी त्याचा उपयोग जागा पाहूनच करावा लागतो.

लक्षद्वीप मात्र तेतिआरोआसारखेच प्रवाळद्वीप आहे आणि तेथे समुद्र एकदम खोल होतो. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ साली कवरत्ती बेटावर सुमारे ३५० मीटर खोलीवरचे थंड पाणी वर आणले, पण ते वेगळ्या कामासाठी. पृष्ठभागाचे कोमट पाणी कमी दाबाच्या टाकीत सोडले, की त्यातील काही भागाची वाफ होते. ती वाफ थंड पाण्याच्या नळ्यांवर निववली, की गोडे पाणी मिळते. दिवसाला सुमारे एक लाख लिटर! तेथे खोल समुद्राची थंडी बेटावरच्या माणसांची तहान भागवते.

करून पहा

सारख्या तोंडाच्या दोन काचेच्या बाटल्या घ्या. एकीत हाताला सोसेल असे गरम पाणी व लाल रंग, दुसरीत फ्रिजमधले किंवा माठातले गार पाणी व निळा रंग घाला. दोन्ही काठोकाठ भरा. लाल बाटलीच्या तोंडावर जाड कागद दाबून ती निळ्या बाटलीवर पालथी ठेवा आणि कागद अलगद ओढून घ्या. दोन रंग बराच वेळ वेगळे राहतील. हाच ताहितीचा समुद्र. नंतर हाच प्रयोग निळी बाटली वर ठेवून करा. काय होते आणि का होते, ते वहीत लिहा. लिहिताना अंटार्क्टिकाजवळ बुडणारे ते गारठलेले पाणी डोळ्यांपुढे आणा.