दोन-तीन मीटरांचे मोल : ठाणे स्थानकातील फलाट रुंदीकरण

उपनगरी रेल्वेची क्षमता डब्यांच्या आणि फेऱ्यांच्या संख्येने मोजण्याची रीत रूढ असली, तरी गाडीत चढण्यापूर्वी आणि गाडीतून उतरल्यावर प्रवासी जेथे उभा राहतो, त्या फलाटाची रुंदी हेही त्या क्षमतेचेच एक माप आहे. मुंबईच्या रेल्वे नियोजनात दीर्घकाळ मागे राहिलेले हे माप मध्य रेल्वेने ३१ मे ते २ जून २०२४ या काळात ठाणे स्थानकात घेतलेल्या ६३ तासांच्या ब्लॉकमुळे, म्हणजे कामासाठी मार्ग बंद ठेवल्यामुळे, चर्चेत आले.

ठाण्याचा फलाट क्रमांक ५ आणि ६ हा वस्तुतः एकच सलग फलाट असून त्याच्या दोन्ही अंगांना जलद मार्गाचे रूळ आहेत. त्यामुळे मुंबईकडे जाणाऱ्या, म्हणजे ‘अप’, आणि कल्याणकडे जाणाऱ्या, म्हणजे ‘डाउन’, अशा दोन्ही दिशांच्या जलद लोकलची गर्दी एकाच जागेवर उतरते आणि पादचारी पुलांचे जिनेही त्याच जागेतून वर जातात. गर्दीला वाट अपुरी पडल्यास काय घडते, हे २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड (आजचे प्रभादेवी) आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावरील चेंगराचेंगरीत २३ जणांनी प्राण गमावले, तेव्हा साऱ्या देशाने पाहिले होते. ठाण्याचा हा फलाट दोन ते तीन मीटरांनी रुंद करण्याच्या निर्णयाकडे त्या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर पाहावे लागते.

दोन-तीन मीटरांसाठी इतके तास का लागावेत, याचे उत्तर रेल्वेच्या मापांत आहे. ब्रॉडगेज मार्गावर रुळांच्या मध्यरेषेपासून फलाटाच्या कडेपर्यंतचे अंतर १,६७० ते १,६८० मिलिमीटर असावे लागते. ते कमी झाले तर डबा फलाटाला घासतो आणि वाढले तर प्रवाशाचा पाय पोकळीत जाण्याचा धोका वाढतो. साहजिकच फलाटाची कड पुढे आणायची, तर आधी रूळच बाजूला न्यावा लागतो, आणि रूळ हलला की त्याच्यावर ताणलेली २५,००० व्होल्टची विद्युत तार, तिचा आधार आणि शेजारच्या मार्गापासूनचे अंतर यांचाही नव्याने विचार करावा लागतो.

म्हणूनच अशा कामाला दुहेरी ब्लॉक लागतो : गाड्यांची वाहतूक थांबवणारा आणि तारेतील वीजप्रवाह बंद करणारा. वीज बंद झाल्याची खात्री करून तार जमिनीशी जोडल्यानंतरच रूळ सरकवणे, खडी पसरणे आणि ती यंत्राने स्लीपरखाली ठासून बसवणे ही कामे क्रमाने करता येतात. ठाण्यात डाउन जलद मार्ग अशा प्रकारे सरकवल्यावर मोकळी झालेली पट्टी आधीच ओतून तयार ठेवलेल्या पोकळ काँक्रीट ठोकळ्यांनी भरण्यात आली. जागेवर भिंत बांधून, भराव घालून तो घट्ट बसवण्याच्या जुन्या पद्धतीला एवढ्या अवधीत वावच नव्हता.

याच काळात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथे ३६ तासांचा ब्लॉक घेऊन २४ डब्यांच्या गाड्यांसाठी फलाट क्रमांक १० आणि ११ लांबवण्याचे काम झाले. एक डबा साधारण २२ ते २४ मीटर लांब असल्याने अशा गाडीला इंजिन सोडूनही ५०० मीटरांहून अधिक लांबीचा फलाट लागतो. फलाट लांबला की त्याच्या तोंडाशी असलेले सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारी जोडणी, हलवावे लागतात आणि इंटरलॉकिंगही बदलावे लागते. सांधा योग्य दिशेला बसून कुलूपबंद झाल्याखेरीज सिग्नल गाडीला वाट देऊच नये, अशा रीतीने दोहोंना परस्परांशी बांधणारी ही व्यवस्था असल्याने तिच्यातील प्रत्येक फेरबदल गाडी सोडण्यापूर्वी तपासून पाहावा लागतो.

या दोन कामांसाठी मध्य रेल्वेने सुमारे ९३० लोकल फेऱ्या रद्द करण्याचे जाहीर केले आणि शक्य असेल त्यांनी घरूनच काम करावे, असे आवाहन केले. रोजंदारीवर जगणाऱ्याला घरून काम करता येत नाही. त्यामुळे या ब्लॉकची खरी किंमत अशाच प्रवाशांनी मोजली, हे नोंदवणे न्यायाचे आहे. तितकेच न्यायाचे आहे ते उन्हाळ्याच्या उकाड्यात खडीवर राबलेल्या ट्रॅकमनचे आणि वीज व सिग्नल विभागांच्या कामगारांचे ऋण मान्य करणे.

ठाण्याच्या कामातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी गाडी ज्या ठाण्यात पोहोचली, तेथे आज एक फलाट रुंद करण्यासाठी धावता मार्ग बंद ठेवावा लागतो, कारण शहराने रुळांभोवती मोकळी जागा शिल्लक ठेवलेली नाही. यापुढे डबे किंवा फेऱ्या वाढवण्याचा प्रत्येक प्रस्ताव मंजूर करताना त्या गाडीतून उतरणारी माणसे कोठे उभी राहतील आणि कोणत्या जिन्याने बाहेर पडतील, याचा हिशेब त्याच प्रस्तावात मांडला गेला पाहिजे.