शेपटी आधी बोलते

मांजराचा मूड आधी शेपटीत दिसतो. शेपटी उभी, टोक किंचित वळलेले, म्हणजे स्वारी खुशीत.  रेल्वे स्थानकाच्या गजबजीत इंजिनाचा भोंगा वाजला की मांजराचे कान चपटे होतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, अंग जमिनीला टेकते. ही भीती. पाठीची कमान आणि फुललेली शेपटी हा मोठे दिसण्याचा निव्वळ आव. शेपटी आपटू लागली की वैताग. कुत्र्याच्या शेपटी हलवण्याशी गल्लत नको. सर्वांत फसवे पोट. उताणे पडणे म्हणजे विश्वास. पण पोटाला हात लावला तर ओरखडा बसू शकतो. घुरघुरही नेहमी समाधानाची नसते. दुखण्यातले मांजरही घुरघुरते. मांजराने सावकाश डोळे मिटले, तर आपणही तसेच मिटून पाहावेत.