नेम धरायचा, पण लक्ष्याकडे बघायचं नाही

साडेअकरा मिलिमीटर. शर्टाचं बटण असतं, साधारण तेवढं. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ एवढंच असतं, आणि ते टिपायचं एका हातानं. दुसरा हात खिशात. मनगटाला टेकू नाही, कोपराला आधार नाही आणि हातात किलोभराचं पिस्तूल. इतका स्थिर हात कुणाचा असतो? कुणाचाच नाही! ऑलिंपिकमध्ये पदक घेणाऱ्या मुलीचाही हात हलतो. मग छर्रा त्या बटणात जातो कसा?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडला हा प्रश्न विचारायला मजा येईल. वेदगंगेकाठच्या या गावाला मुली मॅटवर उतरून कुस्ती खेळताना बघायची सवय आहे. तिथं खेळ म्हणजे झटका, चपळाई, दम. पिस्तुलाचं सगळंच उलटं. इथं अख्खं शरीर गप्प करायचं आणि हलवायचं फक्त एक बोट, तेही तर्जनीचं पहिलं पेर. या खेळात याच जिल्ह्याच्या मुलींनी जग जिंकलंय, हेही विसरू नका. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला रायफलमध्ये विश्वविजेती झाली. नेमबाजीत तो मान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. राही सरनोबतनं 2013 मध्ये कोरियातल्या चांगवॉनला पिस्तुलात विश्वचषकाचं सुवर्ण घेतलं. राहीच्या हाती पहिल्यांदा बंदूक आली ती शाळेतल्या एनसीसीत.

समजा, तुम्ही आजवर पिस्तूल फक्त सिनेमात पाहिलंय आणि आज पहिल्यांदा रेंजवर आलाय. धडाका होईल, हाताला हिसका बसेल, या भीतीनं पोटात गोळा आलाय. एअर पिस्तुलात त्यातलं काहीच होत नाही. यात दारू नसते, नळीखालच्या सिलिंडरमध्ये दाबून भरलेली हवा असते. भरलेल्या सिलिंडरमधला दाब 200 बारपर्यंत, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या जवळजवळ दोनशे पट! ट्रिगर दाबला की त्यातली चिमूटभर हवा सुटते आणि अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे दीडशे मीटर वेगानं निघतो. हा वेग ध्वनीच्या वेगाच्या निम्म्याहूनही कमी आहे. म्हणजे 'टप्' हा आवाज लक्ष्यापाशी आधी पोचतो, छर्रा मागून येतो.

पण त्या 'टप्'पर्यंत जायला वेळ आहे. आधी शिस्त. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री असली तरी ते भरलेलंच आहे असं धरून वागायचं. नळीचं तोंड कायम लक्ष्याच्या दिशेला. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. नळीतून आरपार एक भडक रंगाची दोरी ओवलेली असते, तिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. ती दिसली की शेजारच्या बाईलाही कळतं, हे पिस्तूल रिकामं आहे. 'स्टॉप' ऐकू आलं की हातातलं सगळं तिथंच थांबवायचं. मला या खेळातली ही बाजू फार आवडते. बारा-तेरा वर्षांची मुलगीही इथं दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी घ्यायला शिकते.

आता एक गंमत घरबसल्या करून बघा. दोन्ही हात लांब करा, तळव्यांच्या मध्ये छोटी खिडकी ठेवा आणि तिच्यातून भिंतीवरचं घड्याळ पाहा. आता एकेक डोळा आळीपाळीनं मिटा. एक डोळा मिटलात की घड्याळ खिडकीतच राहील. दुसरा मिटलात की गायब! घड्याळ धरून ठेवणारा डोळा तुमचा म्होरक्या. उजव्या हाताच्या सगळ्यांचाच उजवा डोळा म्होरक्या असतो असं नाही. जन्मभर आपण ज्या डोळ्यावर विसंबतो तो कुठला, हे बहुतेकांना रेंजवर पहिल्यांदा कळतं.

खरा चमत्कार यापुढे आहे. पिस्तुलावर मागे एक खाच असते, ती मागची साइट. नळीच्या टोकाशी एक उभी पट्टी, ती पुढची साइट. पट्टी खाचेच्या बरोबर मध्ये, दोन्हींचे माथे एका रेषेत आणि पलीकडे लक्ष्याचा काळा गोल. नजर कुठं ठेवायची? कुणीही म्हणेल, गोलावर. चूक! डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावरचं लख्ख दिसतं. म्हणून नजर पुढच्या साइटवर रोवायची आणि लक्ष्य खुशाल धूसर होऊ द्यायचं. त्यातून बहुतेक नेमबाज त्या काळ्या गोलावर नेमही धरत नाहीत! त्याच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर धरतात, कारण काळ्यावर काळी साइट हरवून जाते. छर्रा तेवढा वर जावा अशीच साइट आधीपासून लावून ठेवलेली असते.

यामागचं गणित बघा. दोन साइट्समधलं अंतर 35 सेंटिमीटर धरू. तुमचा हात सरळच्या सरळ पाच मिलिमीटर बाजूला सरकला, पण साइट्स एका रेषेत राहिल्या, तर छर्राही पाचच मिलिमीटर सरकतो. तो दहातच लागेल. पण पुढची साइट खाचेत फक्त एक मिलिमीटर कलली तर? ती चूक दहा मीटरवर जाईपर्यंत सुमारे 29 मिलिमीटर होते. दहाचे थेट सात! हाताचं थरथरणं माफ आहे, मनगटाचं कलणं नाही. पहिल्या दिवशी 'माझा हात किती हलतोय' म्हणून हिरमुसणाऱ्या प्रत्येकीला हे आधी सांगायला हवं.

मग ट्रिगर. एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा असावा असा नियम आहे. तपासताना पिस्तुलाची नळी उभी धरून ट्रिगरला तेवढं वजन टांगतात; वजन अलगद उचललं गेलं आणि पिस्तूल सुटलं नाही, तर पास. अर्धा किलो म्हणजे काहीच नाही, मग अडतं कुठं? अडतं डोक्यात. साइट जुळलेली दिसते, मन म्हणतं 'आत्ता!', पण डोळ्यानं पाहिल्यावर बोट हलायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. तेवढ्यात हात पुढं गेलेला असतो आणि घाईनं ओढलेलं बोट मनगटही ओढतं. उजव्या हाताच्या नवख्या मुलीचे छर्रे खाली डावीकडे जाऊन बसतात ते यामुळेच. म्हणून बोटाचा दाब कणाकणानं वाढवत न्यायचा आणि पिस्तूल कधी सुटेल ते आपल्यालाही ठाऊक नसावं. ते सुटावं तेव्हा आपण जरासं दचकावं, इतकं!

छर्रा न भरताच शेकडो वेळा ट्रिगर दाबण्याचा सराव असतो, ड्राय फायर. बघणाऱ्याला कंटाळवाणा वाटतो, पण त्यात मोठी गंमत दडलेली आहे. आवाज होणार म्हटलं की शरीर आधीच आक्रसतं, पापणी मिटते, हात खाली दबतो. हे इतकं झटपट होतं की करणारीला पत्ताच नसतो. प्रशिक्षक कधी तिच्या नकळत पिस्तूल रिकामं ठेवतात. ती ट्रिगर दाबते, काहीच सुटत नाही, पण नळी मात्र सगळ्यांदेखत खाली झुकते. तिची तिलाच खूण पटते.

यात बाई-पुरुष असा फरक कुठं आला? फार काळ तो मानला गेला, एवढं खरं. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्कीट हा उडत्या चकत्या टिपण्याचा प्रकार स्त्री-पुरुषांचा एकत्र होता आणि चीनच्या झांग शाननं सगळ्या पुरुषांना मागे टाकून सुवर्ण घेतलं. पुढच्या, 1996 च्या ऑलिंपिकमध्ये स्कीटमध्ये महिलांना जागाच नव्हती! मला याचा अजून राग येतो. दहा मीटर पिस्तुलात तर 2017 पर्यंत बायकांना 40 आणि पुरुषांना 60 नेम असत. 2018 पासून दोघांनाही 60.

त्याच 2018 च्या ऑगस्टमध्ये इंडोनेशियातल्या एशियाडमध्ये राही 25 मीटरच्या अंतिम फेरीत उभी राहिली. इथं हवा नाही, खरी .22 ची गोळी. हात खाली 45 अंशांत ठेवायचा, दिवा हिरवा झाला की उचलायचा, साइट जुळवायची, ट्रिगर दाबायचा. हे सगळं 3 सेकंदांत. मग 7 सेकंद थांबा आणि पुन्हा तेच. वर इतका वेळ घेऊन सांगितलेली प्रत्येक गोष्ट या 3 सेकंदांत बसवायची! 50 नेमांअखेर राही 34, थायलंडची नफास्वान यांगपाईबूनही 34. पाच-पाच नेमांचा शूट-ऑफ झाला, तोही बरोबरीत सुटला. दुसऱ्या शूट-ऑफमध्ये राहीचे 3 लागले, नफास्वानचे 2. एशियाडमध्ये नेमबाजीचं सुवर्ण त्याआधी एकाही भारतीय महिलेला मिळालेलं नव्हतं.