वाद्याचे बिऱ्हाड

ज्या वाद्याला स्वतःचे असे अंगच नसते, जे निरनिराळ्या कारागिरांकडून मागविलेल्या आणि एकेकटे घेतले असता बहुधा मुकेच राहणाऱ्या घटकांच्या संयोगाने सिद्ध होते, आणि ज्याच्या जोडण्या वादकाला दर मैफलीपूर्वी नव्याने कराव्या लागतात, त्या मॉड्युलर सिंथेसायझरच्या बाबतीत पेटीची निवड ही सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशात उरकावयाची बाब आहे, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः क्रम उलटा असावयास हवा. कंपने उत्पन्न करणारा ऑसिलेटर, त्यातील नको ती गाळणारा फिल्टर, ध्वनीचा चढउतार राखणारा ॲम्प्लिफायर ही सारी मॉड्यूल्स विद्युद्दाबाने परस्परांचे नियमन करतात; आणि तो दाब कितपत स्थिर राहील व मॉड्यूल्स किती तापतील हे पुष्कळ अंशी पेटीच ठरवते. वैशाखात पारा 40 अंशांपलीकडे चढणाऱ्या छत्रपती संभाजीनगरात तर हा विचार प्रथमच केला पाहिजे.

वाद्य प्रवासाला न्यावयाचे म्हणजे काय, हे महाराष्ट्राला नवे नाही. 1913 साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीसारख्या संगीत नाटक कंपन्या पडदे, पोशाख आणि ऑर्गन यांसह मुलूखभर मुक्काम हलवीत. विजेच्या वाद्याचा आरंभ मात्र स्थावर स्वरूपाचा होता. रॉबर्ट मूग याने 1964 साली अमेरिकेत पहिली यंत्रणा सिद्ध केली. आणि 1969 साली अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये गीता साराभाई यांच्या पुढाकाराने व डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराच्या साहाय्याने जी मूग यंत्रणा बसविण्यात आली, तीही लाकडी कपाटांत मांडलेली असून तिच्यावर रचना करणाऱ्यांना तिच्याकडे जावे लागे. 1971 साली लंडनच्या ईएमएस कंपनीने सिंथी-ए हे वाद्य ब्रीफकेसमध्ये बसविले, तेव्हा ते खऱ्या अर्थाने हातात आले. पुढे 1990च्या दशकाच्या मध्यास जर्मनीच्या डीटर डेप्फर यांनी आजच्या युरोरॅक पद्धतीचा पाया घातला. त्यासाठी त्यांनी नवे माप न शोधता प्रयोगशाळांतील उपकरणांच्या चौकटींचे रूढ माप स्वीकारले, हा त्यांचा निर्णय मला मोठा दूरदर्शी वाटतो.

त्या मापाचा तपशील असा. चौकटीच्या उंचीचे एकक ‘यू’, म्हणजे 44.45 मिलिमीटर, मॉड्यूल 3 यू उंचीचे, म्हणजे 133.35 मिलिमीटर जागेचे. परंतु त्याचा पत्रा 128.5 मिलिमीटरच असतो, कारण उरलेली जागा रेलच्या कडांना सोडावी लागते. रुंदीचे एकक ‘एचपी’, म्हणजे 5.08 मिलिमीटर. बाजारात प्रामुख्याने 84 आणि 104 एचपीच्या पेट्या मिळतात. पैकी पहिलीची आतील रुंदी 426.72 आणि दुसरीची 528.32 मिलिमीटर भरते. हे आकडे कोरडे खरे, पण पुढे प्रवासाचा निकाल त्यांवरच लागणार आहे.

रुंदीनंतर विद्युत्प्रवाहाचा ताळेबंद मांडावा. युरोरॅकला अधिक 12 आणि उणे 12 व्होल्ट असे दोन पुरवठे लागतात, काही मॉड्यूल्सना शिवाय 5 व्होल्टांचा तिसरा. प्रत्येक मॉड्यूलची मागणी मिलिअँपिअरमध्ये दिलेली असते. तिन्हींची बेरीज वेगवेगळी करावी, आणि बटण दाबल्याच्या क्षणी मागणी उसळते म्हणून पुरवठ्याची क्षमता बेरजेपेक्षा चतुर्थांशाने तरी अधिक ठेवावी. समजा, अधिक बाजूस 900 आणि उणे बाजूस 500 मिलिअँपिअर लागले, तर सुमारे 17 वॉट शक्ती खर्च होते; आणि ध्वनीच्या रूपाने बाहेर पडणारा अंश नगण्य असल्यामुळे ती जवळजवळ सगळी पेटीत उष्णता होऊन राहते.

या उष्णतेचा सुराशी संबंध फार निकटचा आहे. सप्तकाला 1 व्होल्ट या प्रमाणाने ऑसिलेटरचा स्वर चढतो. पण दाब समान पायऱ्यांनी वाढत असता कंपनसंख्या दुप्पट दुप्पट व्हावयाची असल्यामुळे मध्ये घातांकी रूपांतर करावे लागते, आणि ते काम ट्रान्झिस्टर आपल्या निसर्गदत्त गुणाने करतो. मात्र तो गुण निरपेक्ष तापमानावर अवलंबून आहे. दर अंशामागे प्रमाण सुमारे एकतृतीयांश टक्क्याने आक्रसते. म्हणजे 25 अंशांवर जुळविलेल्या व कोणतीही भरपाई नसलेल्या ऑसिलेटरचा अंतर्भाग 40 अंशांवर गेला, तर सप्तकाचे अंतर सुमारे पाच टक्क्यांनी घटते, आणि षड्जाच्या दुप्पट व्हावयाचा तार षड्ज शुद्ध निषादाच्या दिशेने अर्ध्या वाटेहूनही अधिक खाली उतरतो. गाणाऱ्या-ऐकणाऱ्या कोणत्याही कानाला हे सहन होणारे नाही.

चांगले निर्माते यावर तोड म्हणून असा रोधक बसवितात, की ज्याचा रोध दर अंशाला दशलक्षांत सुमारे 3,300 भागांनी वाढतो. पण तो ट्रान्झिस्टरच्या जोडीला चिकटलेला आणि तिच्याइतकाच तापलेला असला तरच भरपाई बिनचूक होते. सबब पेटीत पॉवर सप्लायच्या माथ्यावर ऑसिलेटर कदापि बसवू नये, पंख्याचा झोत त्यावर येऊ देऊ नये, आणि वाद्य सुरू करून अर्धा तास लोटल्यावरच सूर जुळवावेत. पेटी गरम होणे त्या मानाने क्षम्य, तिचे तापमान हलत राहणे अक्षम्य.

ॲल्युमिनियमची पेटी थंड राहते आणि लाकडाची कोंडते, असे जे सर्वत्र सांगतात, ते हिशेबाला फारसे टिकत नाही. ॲल्युमिनियम प्लायवूडपेक्षा हजारपटीहून अधिक उष्णतावाहक आहे, यात संशय नाही. परंतु पेटीच्या भिंतीला आतून व बाहेरून हवेचा जो पातळ स्थिर थर बिलगलेला असतो, तोच खरा अडसर होय. आणि तो दोहोंना सारखाच. 6 यू उंचीच्या, 104 एचपीच्या, झाकलेल्या पेटीत 17 वॉट जिरले, तर अदमासाने प्लायवूडमध्ये तापमान बाहेरच्यापेक्षा आठ-नऊ अंशांनी आणि ॲल्युमिनियममध्ये सहा-सात अंशांनी चढेल. अंतर एवढेच. उलट 9 मिलिमीटर प्लायवूड आणि 2 मिलिमीटर ॲल्युमिनियम यांचे वजन चौरस मीटरला सारखेच, 5.4 किलोच्या आसपास, भरत असता वाकण्यास प्लायवूड सुमारे दसपट विरोध करते. माझे मत निःसंकोच प्लायवूडच्या बाजूने आहे. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत मात्र कोणतीच पेटी ठेवू नये.

आता प्रवास. पुण्या-मुंबईच्या रस्त्याने जाताना धक्क्यांपेक्षा सततची थरथर अधिक घातक, कारण तिने स्क्रू सैलावतात. म्हणून रेलमध्ये सरकणाऱ्या सुट्या नटांपेक्षा 3 मिलिमीटर आट्यांची अखंड पट्टी बरी. उन्हाळ्यात उडणारी बारीक धूळ पॅच केबलच्या जॅकमध्ये शिरून खरखर उत्पन्न करते, तेव्हा झाकणाच्या कडेला रबरी पट्टी हवी; आणि झाकण एवढे खोल असावे की जोडलेल्या केबली न उपटता ते बंद होईल. विमानाने जावयाचे तर हातातील सामानाला सामान्यतः 55 सेंटिमीटर लांबी आणि 7 किलो वजन एवढीच मुभा असते. 104 एचपीच्या पेटीला 9 मिलिमीटरच्या दोन भिंती लावल्या की लांबी 546 मिलिमीटर होते, आणि कोपऱ्यांना लोखंडी टोप्या बसविल्या की मर्यादा ओलांडली जाते. 84 एचपीची 6 यू पेटी मात्र 445 मिलिमीटरमध्ये बसते. झाकणासह लाकूड सुमारे 3 किलो, रेल व पुरवठा मिळून साधारण 1 किलो धरला, तर मॉड्यूल्सना 3 किलो उरतात. तेवढ्यात एका वादकाला पुरेसे वाद्य मांडता येते.

अशी पेटी परदेशाहून आणून वजनाचे भाडे आणि जकात भरण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. चिकलठाणा आणि वाळूज येथील औद्योगिक वसाहतींत मिलिमीटरच्या अंशापर्यंत काटेकोर काम करणारी माणसे आहेत, आणि प्लायवूडची खोकी नेटकी जुळविणारे सुतार शहरात दुर्मीळ नाहीत. रेल व आट्यांची पट्टी मात्र तयारच मागवावी, कारण तिच्यातील छिद्रे 5.08 मिलिमीटरच्या अंतरात चुकली तर शेवटची मॉड्यूल्स बसत नाहीत. पॉवर सप्लायही मान्यताप्राप्त घ्यावा. आणि पेटी घरी आल्यावर प्रथम एकही मॉड्यूल न जोडता मीटरने दोन्ही पुरवठे तपासावेत. मगच रिबन केबलची लाल कड उणे 12च्या बाजूस आहे ना, हे प्रत्येक मॉड्यूलपाशी स्वतंत्रपणे पाहून एकेक जोडावे.