परदेशात समाजशास्त्राची पदवी : जाण्यापूर्वी समजून घेऊ या

गेल्या डिसेंबरमध्ये एक पालक आमच्या कक्षात येऊन बसले. त्यांची कन्या आपल्याच शाळेतून बारावी करून इंग्लंडला समाजशास्त्राच्या पदवीसाठी गेली आहे. चेहरा उतरलेला होता. म्हणाले, "सर, इथे तिला ९४ टक्के होते. तिथे पहिल्या निबंधाला १०० पैकी ६२ मिळाले. एवढा खर्च केला आणि पोरगी मागे पडली की काय?"

आम्ही त्यांना आधी चहा दिला आणि मग सांगितले की मुलगी मागे पडलेली नाही. ब्रिटनमध्ये ७० च्या वर गुण म्हणजे प्रथम श्रेणी, ६० ते ६९ म्हणजे उच्च द्वितीय श्रेणी. तिथल्या पुष्कळ नोकऱ्यांना आणि एम.ए.च्या प्रवेशाला ही उच्च द्वितीय श्रेणी पुरते. निबंधाला ८० गुण मिळणे ही तिथे क्वचितची गोष्ट. पालकांचा जीव भांड्यात पडला. पण ही माहिती त्यांना आधीच असती तर बापलेकींचा महिनाभराचा घोर टळला असता. म्हणून हा लेख.

प्रथम अभ्यासाचे स्वरूप पाहू. इंग्लंडमध्ये ही पदवी साधारणपणे तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्ये चार वर्षांची असते. इंग्लंडमध्ये एका वर्षाचे १२० क्रेडिट धरतात आणि एक क्रेडिट म्हणजे दहा तासांचा अभ्यास. म्हणजे वर्षाला १२०० तास झाले. वर्गातील व्याख्याने व चर्चा मात्र आठवड्याला दहा-बारा तासांच्या आसपासच असतात. उरलेला वेळ स्वतः वाचायचे असते. "दिवसभर मोकळीच असते" असे फोनवर ऐकून पालकांनी रागावू नये. तो मोकळा वेळ हाच खरा अभ्यासाचा वेळ आहे. पहिल्या वर्षी मार्क्स, वेबर, दुर्खीम यांचे विचार, सर्वेक्षण आणि मुलाखतीच्या पद्धती व थोडे संख्याशास्त्र असते. शेवटच्या वर्षी बहुधा आठ-दहा हजार शब्दांचा लघुप्रबंध लिहावा लागतो. बहुतेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे गुण अंतिम श्रेणीत धरत नाहीत, फक्त उत्तीर्ण व्हावे लागते. ते वर्ष रुळण्यासाठीच आहे.

आता खरी अडचण. आम्ही स्वतः पदवी हिंदी माध्यमातून घेतली. समाजशास्त्र हा आमचा एक विषय होता. परीक्षेआधी बाजारातून कुंजी आणायची, पाच विद्वानांच्या पाच व्याख्या नावांसकट पाठ करायच्या आणि उत्तरपत्रिकेत उतरवायच्या. गुण चांगले मिळाले. पण त्या पाच जणांत मतभेद कशावरून आहे हे आम्हाला कोणी विचारले नाही आणि आम्हालाही विचारावेसे वाटले नाही. तिथे नेमके तेच विचारतात.

याचा उत्तम नमुना आपल्या जवळचाच आहे. इंदूरपासून हाकेच्या अंतरावर महू येथे जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेस गेले. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय २५ होते. त्यांनी सेनार, नेसफील्ड, रिस्ले व केतकर या चौघांच्या जातीविषयीच्या व्याख्या समोर ठेवल्या. यातले केतकर म्हणजे आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. तेही अमेरिकेतच शिकले होते. प्रत्येक व्याख्येत काय सापडते आणि काय निसटते ते आंबेडकरांनी दाखवले. केतकरांना मान दिला, तरी त्यांची त्रुटीही सांगितली. मग स्वतःचे म्हणणे मांडले की जातीबाहेर विवाह न करणे हेच जातीचे मूळ लक्षण आहे. व्याख्या पाठ करणे आणि व्याख्या तपासणे यांतला फरक यात स्पष्ट दिसतो. ६२ चे ७२ होतात ते या तपासण्यामुळे.

दुसऱ्याचे वाक्य नाव न देता आपल्या निबंधात घालणे हा तिथे गंभीर अपराध समजतात. संगणकाकडून निबंध लिहवून घेऊन तो आपला म्हणून देणे हेही त्यातच आले. आपल्याकडे प्रकल्पवहीत उतारेच्या उतारे उतरवण्याची सवय आहे. ती इथेच सुटली पाहिजे.

प्रवेशाचा अर्ज यूकास या एकाच संस्थेमार्फत जातो. त्यात पाचपर्यंत अभ्यासक्रम निवडता येतात. अर्ज जानेवारीच्या मध्यापर्यंत पोहोचवणे इष्ट. आयईएल्टीएस परीक्षेत साधारण ६.५ ते ७ गुण मागतात. विद्यार्थ्याने स्वतःविषयी तीन ठरावीक प्रश्नांची उत्तरे लिहायची असतात आणि शाळेने शिफारसपत्र द्यायचे असते. ते पत्र आम्हीच लिहितो. 'मुलगा आज्ञाधारक व गुणी आहे' एवढ्याने तिथे भागत नाही. त्याने काय वाचले, कोणता प्रश्न विचारला, हे लिहावे लागते. म्हणून मुलांनो, आम्हाला लिहिण्याजोगे काही करून ठेवा!

शेवटी पैशाचे. परदेशी विद्यार्थ्यांची फी बहुतेक ठिकाणी वर्षाला १५ हजार पौंडांच्या वर आणि नामवंत ठिकाणी २० हजारांच्याही बरीच पुढे असते. व्हिसासाठी पहिल्या वर्षाची फी व नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च सलग २८ दिवस खात्यात दाखवावा लागतो. सत्रकाळात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते, पण त्यातून फी निघत नाही. पदवीनंतर तिथे थांबून नोकरी शोधण्याची मुभा आहे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांसाठी ती दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांची ठरली आहे. तेव्हा "तिथे गेल्यावर फेडू" या भरवशावर घर गहाण ठेवू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

आणखी एक विचार करावा. आंबेडकर, मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये, इरावती कर्वे ही सारी मंडळी पहिली पदवी इथे घेऊन मगच परदेशी गेली. आजही मोठ्या शिष्यवृत्त्या प्रामुख्याने पुढच्या शिक्षणासाठीच आहेत. चेव्हनिंग एम.ए.साठी असते आणि त्याआधी दोन वर्षे कामाचा अनुभव मागते. भारत सरकारची अनुसूचित जातींसह काही वर्गांसाठीची परदेश शिष्यवृत्तीही एम.ए. व पीएच.डी.साठी आहे. इथे पदवी आणि तिथे एक वर्षाची एम.ए. हा मार्ग कमीपणाचा नाही. ज्यांची ऐपत आहे, मुलाला इंग्रजी वाचनाची गोडी आहे आणि अठराव्या वर्षी एकटे राहण्याची तयारी आहे, त्यांनी पदवीसाठी अवश्य पाठवावे.

जायचे असो वा नसो, अकरावी-बारावीच्या मुलांनी या सुट्टीत एक काम करावे. घरच्या वडील मंडळींना विचारावे की आपले घराणे इंदूरला कधी आले, कशासाठी आले, आणि घरात कोण कोणती भाषा कोणाशी बोलतो. दोघांची उत्तरे जुळली नाहीत तर त्यातले एक खोडू नका. ती का जुळत नाहीत ते एका पानात लिहून आमच्याकडे आणा. समाजशास्त्राचा पहिला निबंध तोच. त्याला ६२ गुण मिळाले, तरी पेढे आम्ही देऊ.